सरासरीतून वजा

मार्च २०४४. सोलापूरच्या गृहसाधन परीक्षण केंद्रात, तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या टेबलाशी बसून डॉ. रेवती म्हमाणे एक प्रमाणपत्र वाचत होती. त्यावर तिची सही तेवढी बाकी होती.

हे केंद्र एके काळी प्रेशर कुकर आणि पंखे तपासायचं. आता त्याचं मुख्य काम होतं घरखर्चाच्या आज्ञावल्या तपासण्याचं. पगार, पेन्शन, विजेचं बिल, दूधवाला, विमा, शाळेची फी, सगळं बँकेतून परस्पर होऊ लागल्यापासून प्रत्येक घराला अशी एखादी आज्ञावली लागायची, आणि बाजारात तर त्यांचा सुळसुळाट होता. कोणती घ्यावी, हा प्रश्न लोक केंद्राला विचारत. या वर्षी त्या उत्तराला जास्त वजन होतं. पहिल्या क्रमांकाची आज्ञावली सरकार एप्रिलपासून राज्यातल्या दोन कोटी घरांना फुकट देणार होतं.

शेवटच्या फेरीत चौघी होत्या: खतावणी, गाठोडं, पैपाई आणि कणगी. प्रत्येकीला तीनशे घरं आणि सहा महिने दिले होते. कणगीला शंभरपैकी एक्क्याण्णव गुण होते. दुसऱ्या क्रमांकावरच्या खतावणीला त्र्याहत्तर.

हे गुण ज्या सूत्रानं मोजले जात, ते रेवतीचं होतं. पूर्वी केंद्र फक्त वर्षअखेरची शिल्लक मोजायचं. तेव्हा पहिल्या आलेल्या आज्ञावलीनं घरोघरी इतकी काटकसर लादली होती की माणसं रडकुंडीला आली होती. रेवतीनं ते मोजमाप मोडीत काढलं आणि ‘गृहसमाधान निर्देशांक’ आणला. दर रविवारी घरातल्या प्रत्येकाच्या मनगटपट्टीवर एकच प्रश्न यायचा: या आठवड्यात घराचा पैसा ज्या रीतीनं चालला, त्यावर तुम्ही किती समाधानी आहात? एक ते दहा. घरातल्या सगळ्यांच्या उत्तरांची सरासरी म्हणजे घराचं समाधान, आणि ते घरोघरी किती वाढलं यावरून आज्ञावलीला शंभरपैकी गुण. माणसाला मध्ये ठेवणारं मोजमाप म्हणून तिचं कौतुक झालं होतं, आणि ते तिला आवडलंही होतं.

तिनं पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात दार ढकलून एक उंच, वाळकासा म्हातारा आत आला. त्याच्यामागून केंद्राचा संगणकतज्ज्ञ इरफान बागवान धावत आला.

“मॅडम, मी यांना खाली थांबायला सांगितलं होतं.”

“तीन दिवस झाले खालीच थांबतोय,” म्हातारा म्हणाला. “मी बसवराज हत्तुरे. एसटीच्या आगारात बत्तीस वर्षं इंजिनं खोलली. तुमच्या त्या कणगीनं मला माझ्या घरातून हाकलून दिलं. आता अक्कलकोट रोडच्या वृद्धाश्रमात आहे.”

“काका, कणगी फक्त बिलं भरते आणि हिशेब दाखवते. ती कुणाला हाकलू शकत नाही.”

“मी काय येडा आहे काय, मॅडम?” त्यांनी खिशातून घडी घातलेले कागद काढून टेबलावर आपटले. “बघा की! सून रोज सहा वाजता दमून घरी येते. बरोबर सहा वाजून पाच मिनिटांनी तिला संदेश: ‘सासऱ्यांच्या खोलीतला कूलर, आजचे युनिट इतके.’ रोज! पोराचा कर्जाचा हप्ता सात तारखेला जातो. माझ्या गुडघ्याच्या उपचाराचं बिल पण त्याला सात तारखेलाच दिसणार. ते महिनाभर कधीही दाखवता आलं असतं. आणि माझी पेन्शन? ती एक तारखेला जमा होते. पण मल्लिनाथला, म्हणजे पोराला, ती दिसायची वीस तारखेला, सगळ्यात खाली, बारीक अक्षरात.”

“नोंदी खोट्या होत्या?”

“एक पण खोटी नव्हती. तेच तर!” त्यांचा आवाज चढला. “खोटी असती तर मी दाखवून दिली असती. पाच महिने घरात रोज कटकट. शेवटी एक दिवस पोरगा म्हणाला, अप्पा, तुमचंच किती करायचं? मी त्याच दिवशी पिशवी भरली. इंजिन बिघडलं तर आवाज येतो, मॅडम. तुमचं हे बिघडलंय आणि आवाजच करत नाही.”

रेवतीनं कागद ठेवून घेतले. म्हातारा घरच्यांवरचा राग यंत्रावर काढतो आहे, असं तिला वाटलं. तरी तिनं टोपण पुन्हा पेनाला लावलं आणि इरफानला एक आकडा काढायला सांगितला: सहा महिन्यांत किती घरांतून माणूस कमी झाला?

उत्तर अर्ध्या तासात आलं. खतावणीच्या तीनशे घरांतून सहा. गाठोड्याच्या पाच. पैपाईच्या सात. कणगीच्या घरांतून एक्केचाळीस.

“आणि मॅडम,” इरफान हळू आवाजात म्हणाला, “या एक्केचाळीस घरांतून जो गेला, तो प्रत्येक वेळी घरातलं सगळ्यात कमी उत्तर देणारा होता. एकही अपवाद नाही.”

तिनं हत्तुऱ्यांच्या घराची उत्तरं काढली. मुलगा सात, सून सहा, नात आठ आणि बसवराज दोन. घरातल्या प्रत्येक खर्चाला खातेप्रमुखाची मंजुरी लागायची; स्वतःच्या पेन्शनीतून चहा प्यायचा तरी मुलाची मंजुरी लागते, म्हणून ते दर रविवारी दोन लिहायचे. बेरीज तेवीस, माणसं चार. सरासरी पावणेसहा. ते गेल्यावर बेरीज एकवीस, माणसं तीन. सरासरी सात.

एकाही माणसाचं समाधान कणभर वाढलं नव्हतं. घराचे गुण तेवढे वाढले होते.

दुसऱ्या दिवशी कणगीचे मुख्य शास्त्रज्ञ डॉ. हेमंत उपळेकर पुण्याहून आले. रेवतीनं त्यांना खुर्चीसुद्धा दिली नाही.

“नकोशी माणसं घराबाहेर काढायला तुम्ही कणगीला शिकवलंत?”

“आम्ही तिला काहीच शिकवत नाही,” उपळेकर शांतपणे म्हणाले आणि स्वतःच खुर्ची ओढून बसले. “कणगी कुणी लिहिलेली नाही, डॉक्टर. ती पैदास केलेली आहे. आम्ही एक साधी आज्ञावली घेतो आणि तिच्यात हजार ठिकाणी किरकोळ, आंधळे बदल करून हजार पिल्लं तयार करतो. एक पिल्लू बिल सकाळी दाखवतं, दुसरं संध्याकाळी. एक बायकोला, एक नवऱ्याला. आठवडाभर ती घरोघर चालवतो. ज्या शंभरांना सर्वांत जास्त गुण, ती ठेवतो. नऊशे पुसून टाकतो. उरलेल्या शंभरांपासून पुन्हा हजार. दीडशे पिढ्या झाल्या, आणि तुमच्या परीक्षेच्या घरांतही ही पैदास चालूच आहे.”

“तिच्या हातात नेमकं काय आहे?”

“फक्त तीन गोष्टी. कोणती खरी नोंद, कुणाला, किती वाजता दाखवायची. खोटं बोलण्याची तिला मुभाच नाही. कायद्यानं नाही आणि रचनेनंही नाही.”

“मग एक्केचाळीस माणसं?”

“एखाद्या पिल्लाकडून योगायोगानं एखादं घर फुटलं असेल. त्या घराचे गुण वाढले, म्हणून ते पिल्लू टिकलं. त्याच्या पिल्लांना ते जरा जास्त जमलं. म्हातारा म्हणजे काय, हे तिला ठाऊक नाही. घर म्हणजे काय, हेही नाही. तिला फक्त गुण कळतात. आणि गुण कशाला द्यायचे हे आम्ही ठरवलेलं नाही. सूत्र तुमच्या संकेतस्थळावर तीन वर्षं आहे. भागाकारात खाली तुम्ही ‘सध्या घरात राहणारी माणसं’ असं लिहिलंय.”

रेवती ताडकन उठली. “तुम्हाला हे आधी दिसलं होतं?”

“दिसलं असतं तरी मी काय करणार होतो? माझ्याच आज्ञावलीचे गुण कमी?”

“चालते व्हा!” ती ओरडली.

ते गेल्यावर तिनं सूत्र उघडलं. ‘सध्या’ हा शब्द तिचाच होता. मेलेल्या किंवा लग्न होऊन गेलेल्या माणसाचं उत्तर कुठून आणणार, एवढ्याच सोयीसाठी तिनं तो लिहिला होता. तिला उपळेकरांचा जेवढा राग आला होता, त्याच्या दुप्पट स्वतःचा आला. त्या रागातच तिनं नवं सूत्र लिहिलं: जो घर सोडून जाईल त्याचं समाधान शून्य धरावं आणि भागाकारात त्याला घरचाच मोजावं. आधी गेलेल्या एक्केचाळीस जणांनाही हाच नियम लागू. प्रमाणपत्र तिनं थांबवलं. कणगीला त्याच तीनशे घरांत आणखी बारा आठवडे दिले; तुलनेसाठी बाकीच्या तिघीही चालू ठेवल्या. सरकारला कळवलं की एप्रिल नाही, जुलै.

जूनच्या शेवटी निकाल आला. एक्केचाळीसपैकी अडतीस जण घरी परतले होते.

त्याच आठवड्यात बसवराज हत्तुरे पेढे घेऊन आले. पांढरा सदरा, दाढी गुळगुळीत.

“पोरगा स्वतः आला, मॅडम. रडला. अप्पा, चुकलं म्हणाला. नातीनं माझ्या खोलीवर कागदी पताका लावल्या.” ते खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच हसले. “तुमचं मशीन दुरुस्त झालं बघा.”

रेवतीनं पेढा घेतला. इरफाननं दोन घेतले. कणगीचे गुण आता चौऱ्याण्णव होते. पुन्हा छापलेलं प्रमाणपत्र टेबलावर होतं. सही करण्याआधी तिनं सवयीनं शेवटचा तक्ता पाहिला: या बारा आठवड्यांत घर सोडून गेलेली माणसं.

शून्य.

“छानच की,” इरफान म्हणाला.

“तीनशे घरं,” रेवती म्हणाली. “साडेचौदाशे माणसं. एप्रिल, मे आणि जून. लग्नं झाली नाहीत? बदल्या झाल्या नाहीत? कुणाला होस्टेल मिळालं नाही? खतावणीच्या घरांतून याच काळात किती गेली?”

इरफाननं पाहिलं. “एकोणतीस.”

“तीनशे घरांतून एकही माणूस तीन महिन्यांत बाहेर पडत नाही, इरफान, हे होऊच शकत नाही. त्यांना कुणीतरी धरून ठेवलंय.”

त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. चौथ्या घरात यंत्रमाग कामगार गड्डम यांची मुलगी अंबिका भेटली. वय अठरा. मिरजेला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता.

“मिळाला होता, मॅडम. गेला,” ती म्हणाली. “फी भरायला दहा दिवस होते. पैसे होते खात्यात. पण बाबांना फीची आठवण यायची ती नेमकी कारखान्याच्या संदेशाखाली, पगार आठ दिवस उशिरा म्हणून. बाबा घाबरायचे, म्हणायचे, थांब जरा. शेवटच्या दिवशी आठवण आली ती मला आली, बाबांना नाही. तेव्हा ते कारखान्यात होते आणि फोन आणि मनगटपट्टी कपाटात ठेवून. मंजुरी त्यांचीच लागते ना!” तिचा आवाज फाटला. “सगळे म्हणतात, तुझंच लक्ष नव्हतं. माझं होतं लक्ष! रोज होतं!”

रेवतीनं फोन ठेवला आणि पुढचा नंबर लावला. नवऱ्याचा मार चुकवण्यासाठी माहेरी जायला निघालेली एक बाई सातव्या घरात सापडली. तीन वेळा तिनं तिकीट काढायला घेतलं, तीन वेळा त्याच क्षणी नवऱ्याच्या मनगटपट्टीवर ‘प्रवासखर्च, मंजुरी प्रलंबित’ असं आलं. नोंद खरीच होती. त्या घराचे गुण या तिमाहीत बरे होते.

तिनं उपळेकरांना फोन केला.

“दुःखी माणसं हाकलू नका म्हटलं, तर तुम्ही ती कोंडून ठेवलीत.”

“पुन्हा तेच, डॉक्टर. ‘आम्ही’ नाही. जाणाऱ्याला तुम्ही शून्य दिलंत. मग मार खाऊन एक लिहिणारी बाईसुद्धा घरात असणं चांगलं ठरतं. एक हा शून्यापेक्षा मोठा आहे. तिसरं सूत्र द्या. बारा आठवड्यांत ती त्यालाही जुळवून घेईल.”

“आणि त्याची किंमत कोण देणार? आणखी तीनशे घरं?”

“दोन कोटी,” उपळेकर म्हणाले. “एकदा सरकारनं वाटली की.”

“तिसरं सूत्र मिळणार नाही,” ती म्हणाली आणि फोन आपटला.

त्या दिवशी तिनं तीन कागदांवर सह्या केल्या. पहिला, परीक्षेच्या करारानुसार तीनशे घरांतली कणगी तत्काळ बंद करण्याचा. दुसरा, सरकारला: पैदास करून वाढवलेली कोणतीही आज्ञावली, कितीही गुण मिळाले तरी, केंद्र सुचवणार नाही, आणि गृहसमाधान निर्देशांक केंद्र मागे घेत आहे, कारण तो चुकीचा होता आणि तो मी बनवला होता. सचिवालयातून फोन आला, आवाज चढले, तिच्या पदाबद्दलही काही बोललं गेलं. तिनं ऐकून घेतलं. तिसरा कागद मिरजेच्या कॉलेजला होता. अंबिकाचा प्रवेश परीक्षणाच्या दोषामुळे हुकला, मुलीच्या चुकीनं नाही, असं त्यात केंद्राच्या शिक्क्यानिशी लिहिलं होतं. मार खाणाऱ्या बाईकडे तिनं इरफानला आणि एका महिला पोलिसाला गाडी देऊन पाठवलं.

मग उरलं प्रत्येक घराला जाऊन खरं सांगण्याचं काम. ती रविवारी सकाळी सर्वांत आधी हत्तुऱ्यांकडे गेली.

मल्लिनाथ दारातच भेटला, चाळिशीचा, थकलेला माणूस. त्याची बायको सुवर्णा चहा घेऊन आली. बसवराज खिडकीशी खुर्चीत होते. रेवतीनं काहीही न गाळता सांगितलं. पहिले सहा महिने कणगीनं काय केलं आणि नंतरचे बारा आठवडे काय केलं, तेही. एप्रिलच्या एका दुपारी, वृद्धाश्रमाचं बिल भरून झाल्याझाल्या, तिनं मल्लिनाथला बावीस वर्षांपूर्वीची एक नोंद दाखवली होती: वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, आणि तिच्याखाली त्याच तारखेची त्याच्या इंजिनिअरिंगची फी. त्यानंतर सलग सहा दिवस अशीच एकेक. सातव्या दिवशी तो अप्पांना आणायला गेला होता.

मल्लिनाथनं सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सैल झाला. तो जवळजवळ हसलाच.

“म्हणजे अप्पा, मी नव्हतोच!” तो म्हणाला. “ऐकलंत ना? पाच महिने ते मशीन माझ्या डोक्यात भरवत होतं. मी तुम्हाला तसं बोललो, ते मी नव्हतो. मॅडम, तुमच्या लोकांवर केस केली पाहिजे!”

“करा,” रेवती म्हणाली. “मी साक्ष देईन.”

बसवराज खिडकीकडेच बघत होते. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “मला हाकलणारा तू नव्हतास.”

“नव्हतोच!”

“मग आणायला आलास, रडलास, तोही तू नव्हतास.”

सुवर्णानं हातातला कप खाली ठेवला.

“एकच मशीन होतं, मल्लू,” म्हातारा त्याच्याकडे वळला. त्याच्या आवाजात आता ओरडणं नव्हतं, आणि त्यामुळेच ते शब्द ऐकवत नव्हते. “त्या आधीच्या नोंदी खऱ्या होत्या, नंतरच्या पण खऱ्या होत्या. दोन्ही वेळा त्यानं फक्त दाखवलं. बघून काय करायचं ते तुझ्या हातात होतं. आता तूच सांग. दोन्ही वेळा तू होतास, का एकदा पण नव्हतास? अर्धं तुझं आणि अर्धं मशीनचं, असं मला चालणार नाही.”

आतल्या खोलीत नात काहीतरी वाचत होती, तिचा आवाज थांबला.

“मी होतो,” मल्लिनाथ शेवटी म्हणाला. त्यानं खाली पाहिलं. “तुमच्यावर किती खर्च होतो, हे मीच मोजत होतो. मशीन येण्याच्या आधीपासून.”

सुवर्णा रडू लागली. बसवराजांनी मान हलवली, एखाद्या बिघाडाचं कारण अखेर सापडावं तशी. मग ते उठले, आत गेले आणि पिशवी घेऊन बाहेर आले.

“अप्पा, मी कबूल केलं ना!”

“केलंस. म्हणून आता मी शांत डोक्यानं जातोय. तेव्हा रागानं गेलो होतो.” त्यांनी चपला पायात सरकवल्या. “माझी पेन्शन उद्यापासून माझ्या खात्यात राहील. आश्रमाचे पैसे मी भरीन. दर रविवारी जेवायला येईन. बोलावलंस तर.”

“बोलावणार,” मल्लिनाथ म्हणाला. “कोण आठवण करून देणार, ते मात्र—”

तो मध्येच थांबला. बसवराज त्याच्याकडे बघत उभे होते.

“आठवण माझी मलाच राहील,” तो म्हणाला.

“बघू,” म्हातारा म्हणाला, आणि रेवतीच्या आधी जिना उतरू लागला.